शालीच्या घडीतलं कार्ड

ज्ञानदेवराव,

जयभीम. तुमच्यावर लिहायला बसले आहे. परवानगी मागितली नाही, कारण तुम्ही "कशाला उगीच, बाई" म्हणाला असता आणि त्यात संध्याकाळ गेली असती. सगळं मला लक्ष्मीबाईंनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नका. इतकी वर्षं तुमच्याशी संसार केलेल्या बाईला एवढं बोलायची मुभा असावी. वाचणाऱ्यांना आपण दोघं ठाऊक नाही, तेव्हा इथून पुढं तुम्ही नुसते ज्ञानदेव आणि मी नुसती सरोजिनीबाई.

तर ज्ञानदेव ओव्हाळ. मूळचे डाळजचे, घर इंदापुरात, आणि एकतीस वर्षं एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. या काळात रसायनशास्त्राच्या सरोजिनीबाईंसकट चार शिक्षक निवृत्त झाले, पण परीक्षानळी एकही हरवली नाही. फुटली तर काचांची पुडी बांधून वर तारीख. मुलं म्हणायची, ज्ञानदेवमामांच्या कपाटातून झुरळसुद्धा सही केल्याशिवाय बाहेर पडत नाही. दुसरा अभिमान म्हणजे, आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. हे ते गॅसची टाकी घेऊन आलेल्यालाही ऐकवायचे, त्यानं विचारलेलं नसताना.

अशा माणसानं हरवलं काय, तर स्वतःला मिळालेलं गिफ्ट कार्ड.

निरोप समारंभाला शाळा भिंतीवरचं घड्याळ देते. ओव्हाळांकडं भिंतींपेक्षा घड्याळं जास्त, म्हणून यंदा सरोजिनीबाईंनी, निवृत्त असूनही, वर्गणी काढून बारामतीच्या एका साड्यांच्या शोरूमचं पाच हजारांचं कार्ड आणलं. सोबतची शालही त्यांनीच निवडली, चांगली लोकरीची. कार्ड पडून जाईल म्हणून मुख्याध्यापकांनी ते शालीच्या घडीत सरकवलं, पाकीट बंद केलं आणि माइकवरून तसं सांगितलं. टाळ्या झाल्या.

लक्ष्मीबाईंनी त्याच दिवशी ठरवलं, लेकीच्या, करुणाच्या, साखरपुड्याला या कार्डावर साडी घ्यायची. दुकानात बसून, दहा उलगडून, नऊ नाकारून. आजवर त्यांच्या साड्या ज्ञानदेवच आणत आले. सगळ्या मातकट, कारण मळ दिसत नाही. प्रयोगशाळेचे पडदेही त्याच रंगाचे होते.

आता आपल्याकडं सत्काराची शाल कुणी पांघरत नाही. ती कपाटात चार दिवस विसावा घेते आणि पुढच्या सत्काराला निघते. पाकीट उघडायचं नसतं. उघडलेली शाल जुनी दिसते. लोणी भापकरचे आप्पासाहेब, ज्ञानदेवांचे वर्गमित्र, दूध संस्थेचे चेअरमन झाले, तेव्हा ज्ञानदेवांनी कपाटातलं वरचं पाकीट उचललं आणि जाऊन मित्राच्या खांद्यावर ठेवलं. फोटो निघाला.

साखरपुड्याला आठ दिवस उरले आणि लक्ष्मीबाईंनी कार्ड मागितलं. तेव्हा कुठं ज्ञानदेवांना मुख्याध्यापकांचं माइकवरचं बोलणं आठवलं. ते तसेच लोणी भापकरला गेले.

"आप्पासाहेब, शाल बरी हाय ना?"

"बरी म्हंजे? रोज पांघरतो की!" आप्पासाहेब म्हणाले. मे चालू होता. बाहेर कुत्रीसुद्धा सावलीला जीभ काढून पडली होती.

आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "काय बी काय सांगता! ती न्हाय का निमगावच्या बिरदेवला दिली, फौजदार झाला तवा?"

ज्ञानदेव चहाला न थांबता निमगावच्या वाटेला लागले.

निमगाव केतकीचा बिरदेव प्रांजळ निघाला. "मामा, ती तर परवाच व्याख्यानाला पाहुणे आले हुते, त्यास्नी घातली. पाकीट फोडलं न्हवतं हां! गेले पुण्याला." नाव त्याला आठवेना. शाल पुढं कुणाच्या खांद्यावर गेली असेल ते शालीलाच ठाऊक.

शेवटी ज्ञानदेव बारामतीला शोरूममध्ये. काउंटरवर पिंकी नावाची मुलगी.

"कार्डाचा नंबर, काका?"

"कार्डावर हाय."

"कार्ड कुठंय?"

"शालीत."

"आणि शाल?"

"पुण्याला असंल."

पिंकी हसली नाही, पगारात बसत नसावं. म्हणाली, "कार्ड अजून कुणी वापरलं नसलं तर ज्यांनी घेतलं त्यांचं बिल आणा. त्यावर नंबर असतो. जुनं बंद करून लगेच नवं देते. मुदत मात्र एकतीस मेपर्यंत."

इतकं सोपं. आणि म्हणूनच अशक्य. बिल सरोजिनीबाईंकडं. ते मागायचं म्हणजे, बाई, तुम्ही निवडलेली शाल मी आठ दिवसांत दुसऱ्याच्या अंगावर घातली, हे तोंडानं सांगायचं. वर मागायचं.

त्या आठवड्यात ज्ञानदेव तीनदा सरोजिनीबाईंच्या फाटकाशी आले. घरं दोन गल्ल्यांवर.

"काय काम काढलंत?"

"काम कुठलं, बाई! म्हटलं, पाणी येतंय का तुमच्याकडं?"

तिन्ही वेळा पाणी येत होतं.

मग रोखीनं साडी घ्यायची होती, असं कुणीही शहाणा म्हणेल. ज्ञानदेवांचं म्हणणं, कार्ड असताना रोख पैसे कशाला घालवायचे? साखरपुड्याला लक्ष्मीबाई मातकट साडीतच मिरवल्या. करुणाच्या सासूनं विचारलंसुद्धा, "स्वयंपाकाचं तुम्हीच बघताय का?"

हात धुवायच्या जागी लक्ष्मीबाईंनी सरोजिनीबाईंना सगळं एका दमात सांगितलं. मेचे अजून अकरा दिवस होते. बिल सरोजिनीबाईंच्या पर्समध्ये होतं, त्याच क्षणी, खांद्याला. पण त्यांना वाटलं, एकदा तरी या माणसानं तोंड उघडून मागावं. मागितलं की देईन.

ज्ञानदेव एकतीस मेपर्यंत आणखी दोनदा आले. एकदा पाण्याचं विचारलं, एकदा विजेचं. पाय सरोजिनीबाईंनाही होते. बारामतीची एसटी तासाला आहे. लक्ष्मीबाईंना हाताला धरून नेलं असतं तर दुपारच्या जेवणाला परत आल्या असत्या.

सरोजिनीबाईही गेल्या नाहीत.