बोटांतली हाडं

एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं मी चांदा जिल्ह्यात, अहेरीच्या लाकूड-डेपोत कारकून होतो. सागाच्या ओंडक्यांची लांबी नि घेर मोजून वहीत उतरवायचं, एवढंच काम. ते पाहूनच वटवाघळांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक सिरोंच्याकडे जाताना माझ्यावर एक जबाबदारी टाकून गेले. डोंगरातल्या गुहेतून वनरक्षक आणील ती वटवाघळं मी मोजायची आणि स्पिरिटच्या बरणीत ठेवायची.

काहींच्या नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असते, काहींच्या पानासारखी. दोन्ही एकाच पूर्वजापासून फुटलेली. पण कुळं दोन धरायची की एक, यावर विद्वानांत वाद होता. एवढं त्यांनी मला समजावलं होतं.

अकरावं वटवाघूळ वेगळं निघालं. नाक धड नालेचं नाही, धड पानाचंही नाही. काठी लागून डोकं चेचलेलं होतं. मी पंखाचं हाड मोजलं, बावन्न मिलिमीटर. कान, शेपूट, पाऊल, सगळं मोजलं. स्पिरिट मात्र संपलं होतं, चांद्याहून यायला आठवडा लागणार होता. शेवटी मोहाच्या दारूत ठेवलं.

वनरक्षक हसला. "बाबूजी, हे दारू माणसालेच टिकू देत नाई, वाघळाले काय टिकवन?"

"मग तूच सांग दुसरं काही."

"मले सुचलं असतं तं मी बाबू नसतो झालो?"

स्पिरिट वेळेत आलंच नाही, आणि बाराव्या दिवशी प्राध्यापक परत आले. माझी नोंद वाचून ते खुर्चीतून उठलेच. "असं नाक मी पाहिलेलं नाही. बरणी कुठाय?"

झाकण काढताच दुर्गंधी आली. चिमट्याने उचललं तर पाय गळून लगद्यात पडले.

"कवटी गेलीच आहे," ते म्हणाले. "पायाच्या बोटांत हाडं किती होती? नालवाल्यांच्या अंगठ्यात दोन, बाकी बोटांत तीन. पानवाल्यांच्या सगळ्याच बोटांत दोन."

"मोजली नाहीत," मी म्हणालो. ओंडक्याची लांबी मोजतात, घेर मोजतात. मी पाऊलही तसंच मोजलं होतं.

"सांगायचं मीच विसरलो," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं गुहेत गेलो. मधासाठी कोणीतरी तोंडाशी धूर केला होता. आत एकही वटवाघूळ नव्हतं. पुढच्या दोन सकाळीही नव्हतं.

त्यांच्या यादीत दहाच आली. अकरावी ओळ माझ्या वहीत आहे. ते पाऊल मला अजून दिसतं. बोटं मोजता येतात, पाच. त्यापुढे काही मोजता येत नाही.