मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके

सर्टिफिकेट टाइप होऊनच आलं होतं. फक्त माझी सही बाकी होती.

मजकूर दोन ओळींचा. विद्यार्थिनीचं हृदय अशक्त आहे, तिने मैदानी खेळ खेळू नयेत. वर मुलीचं नाव, खाली ‘लेडी डॉक्टर’ आणि टिंबांची ओळ.

“मुलगी कुठे आहे?” मी विचारलं.

“तिला कशाला त्रास?” चेअरमनसाहेब म्हणाले. “शाळेच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आहे. फार मंद आहे. सही लेडी डॉक्टरची लागते, म्हणून तुमच्याकडे आलो.”

“तपासल्याशिवाय मी सही करत नाही.”

“बाई, तिच्या हिताचंच आहे हो. उद्या ग्राउंडवर काही झालं तर?”

हे चेअरमन म्हणजे बेळगावातले मोठे वकील. मुलींची शाळा त्यांच्या कमिटीची. मी नोकरी करत होते ते प्रसूतिगृहही त्याच कमिटीचं. म्हणजे माझे मालकच. तरी मी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, “मुलीला पाठवा.”

मुलगी म्हणजे हौसा. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या शेतकऱ्याची पोर, मॅट्रिकच्या वर्गात. उंच, हडकुळी, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे. मच्छ्याहून शाळेत पाच मैल चालत यायची, तेवढीच परत जायची. दोन वर्षं लागोपाठ जिल्ह्याची बास्केटबॉलची शील्ड शाळेला मिळाली ती हिच्यामुळे. यंदाची फायनल तोंडावर आली होती. मी तिला आधी एकदाच पाहिलं होतं. बोट निखळून आली होती. मी ते ओढून जागेवर बसवलं, तर रडायचं सोडून विचारते, “आता जाऊ न्हवं? हाफटाईम संपत आला असंल.”

त्या काळी मुलींच्या बास्केटबॉलचे नियम वेगळे होते. ग्राउंडचे चुन्याच्या रेघांनी तीन भाग करायचे. ज्या मुलीला जो भाग दिला, तो तिने सोडायचा नाही. का? तर बायकांच्या जातीला धावून दम लागतो. रोज दहा मैल चालणाऱ्या मुलीला चुन्याच्या रेघेत उभी करून हे शहाणे लोक तिच्या तब्येतीची काळजी घेत होते. हौसा फॉरवर्ड होती, म्हणजे बास्केटजवळच्या भागात उभी राहून बॉल टाकणारी. तिचा नेम क्वचित चुकायचा.

दुसऱ्या दिवशी ती वडलांबरोबर आली. आप्पा दारातच थांबले.

“बाई, पोरीच्या काळजात खोट हाय म्हंत्यात. खरं व्हय?”

“बघून सांगते. बसा.”

मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. अठ्ठेचाळीस. साधारण माणसाची सत्तरच्या आसपास असते. पुन्हा मोजली. अठ्ठेचाळीसच.

खरं सांगायचं तर मी थोडी घाबरले. हृदयाचा एक आजार असतो. त्यात वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत नीट पोचत नाही आणि नाडी अशीच मंद होते. अशी माणसं कधी कधी उभ्याउभ्या कोसळतात. तसं असेल तर चेअरमन वाईट हेतूनेही खरंच बोलत होते, आणि मला सही करावी लागली असती.

हेतू वाईट आहे हे मला तपासतानाच कळलं. मी तिला विचारलं, “यंदाच्या फायनलमध्ये एवढं काय आहे गं?”

“ट्रेनिंग कॉलेजची एकच जागा हाय बाई, आपल्या जिल्ह्याला. फायनल बघून निवडणार. खर्च सरकारचा. परत आल्यावर ड्रिल टीचरची नोकरी.”

“तू नाही खेळलीस तर कोण?”

“विमल. चेअरमनसाहेबांची पुतणी. वाईट न्हाय ती पोरगी.” आणि मग हळूच, “पर माझ्याइतकी बी न्हाय.”

माझ्या कानशिलांत ठणके बसायला लागले. माझी नाडी कुणी मोजली असती तर मीच अनफिट ठरले असते.

पण राग वेगळा आणि तपासणी वेगळी. मी स्टेथोस्कोप लावून तिची छाती पुढून-मागून ऐकली. ठोके स्वच्छ, मध्ये कुठे फुसफुस नाही. पायाला सूज नाही. डोळ्यांच्या पापण्या आतून लाल, म्हणजे रक्तही कमी नाही. मग प्रसूतिगृहाच्या जिन्यावरून तिला वीस वेळा वर-खाली पळवलं. नर्स आणि दोन बाळंतिणी कौतुकाने बघत होत्या. आजारी हृदय असेल तर पळूनही नाडी हवी तशी वाढत नाही, माणूस पांढराफटक पडतो. हौसाची नाडी सव्वाशेवर गेली आणि तीन मिनिटांत पुन्हा पन्नासच्या आत आली.

म्हणजे दुखणं काहीच नव्हतं. सवयीने हृदय दणकट झालेलं. ज्या कामाला आपल्या हृदयाला सत्तर ठोके लागतात, ते तिचं अठ्ठेचाळिसात करत होतं.

“अजून पळू?” तिने विचारलं.

मी माझ्या हाताने सर्टिफिकेट लिहिलं. फिट. सगळे आकडे लिहिले. एक प्रत शाळेला, एक आप्पांच्या हातात.

संध्याकाळी चेअरमन आले. बसलेही नाहीत.

“तुम्हाला नोकरी करायची आहे ना, बाई?”

“हो. डॉक्टरची.”

ते तसेच निघून गेले. फायनलच्या आदल्या दिवशी आप्पा धापा टाकत आले. हौसाचं नाव यादीतून काढलं होतं. लेडी डॉक्टरच्या सहीचा नियम गुंडाळून शाळेच्या डॉक्टरांनी स्वतःच सर्टिफिकेट दिलं होतं: अनफिट.

फायनल निपाणीला होती. मी रजा टाकली आणि सकाळी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत बसले. बरोबर आप्पा आणि हौसा. ती मोटार चढावर माणसांना उतरवून ढकलायला लावायची. आम्ही तिघांनीही ढकलली. निपाणीला पोचलो तर ग्राउंड तंबाखूच्या वखारीला लागून, बघ्यांनी गच्च भरलेलं. विमल फॉरवर्डच्या जागी उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता.

अंपायर धारवाडच्या एक मिशनरी बाई होत्या. मी त्यांच्या हातात माझा कागद दिला. चेअरमननी दुसरा दिला. शाळेचे वृद्ध डॉक्टर मागे उभे होते.

“दोन डॉक्टर, दोन मतं,” अंपायरबाई म्हणाल्या. “मी काय करू?”

“यांना एकच प्रश्न विचारते,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. मी तो उतरवला नाही. “डॉक्टर, हृदय अशक्त आहे असं तुम्ही लिहिलंय. मुलीची छाती कधी तपासलीत?”

शाळेत मुलींची तपासणी कशी व्हायची ते साऱ्या बेळगावाला ठाऊक होतं. मध्ये पडदा. पडद्यातून मुलगी हात बाहेर काढणार, डॉक्टर नाडी बघणार. हा पडदा चेअरमननीच लावला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“छाती... तसं नाही. नाडीवरून...” डॉक्टर चाचरले.

“तपासली असेल तर सांगा. आप्पा इथेच आहेत. त्यांना न विचारता, पडद्याच्या आत जाऊन तपासली असेल तर तसं स्पष्ट सांगा.”

आप्पा एक पाऊल पुढे आले. डॉक्टरांनी चेअरमनकडे बघितलं. चेअरमन वखारीकडे बघायला लागले. हो म्हणावं तर अब्रू जाते, नाही म्हणावं तर सर्टिफिकेट जातं. वकील असूनही त्यांना तिसरं उत्तर सापडलं नाही.

“हृदय मनगटात नसतं,” अंपायरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हौसाला आत बोलावलं. विमल स्वतःहून बाजूला झाली आणि तिने हौसाचा हात दाबला. तेवढं मी पाहिलं.

त्या दिवशी हौसा कशी खेळली हे मला नीट सांगता येणार नाही. मला खेळातलं कळत नाही. तिच्या हातात बॉल आला की वखारीच्या पायरीवर बसलेल्या तंबाखूवाल्या बायका उठून उभ्या राहायच्या, एवढं आठवतं. शील्ड आली. जागाही तिलाच मिळाली.

मला दुसऱ्या दिवशी नोकरीवरून काढलं. कारण लिहिलं होतं: उद्धट वर्तन. ते मात्र खरं होतं. मी बेळगावातल्याच शहापुरात दोन खोल्यांत दवाखाना टाकला.

खोटं सर्टिफिकेट ग्राउंडवर हरलं, पण लग्नाच्या बाजारात हरलं नाही. गुंजी गावच्या एका घरी हौसाचं लग्न ठरत आलं होतं. पोरगी काळजाने अधू आहे, अशी कुजबुज तिथवर गेली. आप्पा माझ्याकडे आले, “बाई, पावण्यांस्नी एक कागद लिवून द्या की.” मी मराठीत दोन पानं लिहून दिली. पाहुणे म्हणाले, डॉक्टरीण मुलीच्याच बाजूची. सोयरीक मोडली. “बरंच झालं की,” हौसा हसून म्हणाली. “ट्रेनिंगला जायला मोकळी झाले.” आप्पा हसले नाहीत. मी तर नाहीच. त्या कुजबुजीवर कुणाची सही नव्हती. जाब कुणाला विचारणार?

ट्रेनिंगहून परत आल्यावर ती त्याच शाळेत ड्रिल टीचर झाली. पहिल्याच दिवशी तिने चुन्याच्या मधल्या दोन्ही रेघा पुसायला लावल्या आणि पोरींना सांगितलं, “पळा गं, सगळं ग्राउंड तुमचंच हाय.” सुट्टीत ती मुंबई इलाख्याच्या टीममधून खेळायची आणि ती टीम दोनदा अजिंक्य ठरली.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी गावाने तिचा सत्कार केला. अध्यक्षस्थानी तेच चेअरमन. “ह्या मुलीचे गुण मी पहिल्यापासून हेरले होते,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मी टाळी वाजवली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, “बरं नाही का तुम्हाला?”

“मी अगदी ठणठणीत आहे,” मी म्हणाले.

नव्या डॉक्टर मुली माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना मी एवढंच सांगते. तुमच्या पेशंटच्या हिताचं बोलत कुणी आलं, तर आधी पेशंटला बोलवा आणि त्या माणसाला बाहेर बसवा.