हिरव्या टेपखालची केबल

बायकोलाही हे ठाऊक नाही. वडील गेले, त्यांनाही मी बोललो नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? नीट कळत नाही. थकलोय, एवढंच म्हणा.

आधी घरचं सांगतो — पण ते कारण म्हणून धरू नका. वडील भुसावळकडून रेल्वेत खलाशी म्हणून झाशीला आले, लोको शेडमध्ये लागले आणि काही वर्षांत त्यांची पाठ गेली. शेडबाहेर इंजिनांच्या राखेचा ढीग असायचा. आई तिथे चाळण घेऊन जायची, मीही जायचो. राखेतून अर्धवट जळलेले कोळसे निवडायचे, त्यावर घरची चूल. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या टेबलाशी मी नखांतली काजळी दिसू नये म्हणून मुठी मिटून उभा राहायचो. त्या मुठींनीच बी.एस्सी. झालो. फिजिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे सांगताना माझी मान अजून ताठ होते. होऊ नये — पण होते.

नोकरी मात्र लागली नाही. तेव्हा नानांनी ठेवून घेतलं.

नाना म्हणजे सदर बाज़ारच्या मागच्या गल्लीतले बॅटरी-वायरिंगचे मिस्त्री. दतिया गेटजवळचं जुनं मराठी घर, पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर आलेले. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. वडिलांशी त्यांची ओळख गणपतीतली. घरी ते आणि काकू, मूलबाळ नाही. मला म्हणाले, “डिग्री खुंटीला टांग, हातात पाना धर. बाकी मी बघतो.”

काम कसलं? जुन्या पिकअप गाड्यांचं. बॅटरीची शिशाची टोकं पांढऱ्या-हिरव्या भुकटीनं खाल्लेली असायची, केबल सुकून बारीक झालेल्या. आम्ही पितळी टर्मिनल बसवायचो, जाड तांब्याची केबल टाकायचो. आणि पुढची जाळी बदलायची. कानपूर रोडला नीलगाय आडवी यायची, प्लास्टिकची जाळी फुटून रेडिएटर जायचा, म्हणून लोखंडी जाळी. त्यातून गाडी दिसायचीही रुबाबदार.

नानांच्या दोन सवयी होत्या. केबल जिथे लोखंडाजवळून जाईल तिथे तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवायचा. आणि काम झालं की शेवटचा वेढा हिरव्या टेपचा. बाकी सगळे काळी टेप लावायचे. हिरवी दिसली की ड्रायव्हर बॉनेट बंद करायचा, पुढे काही विचारायचा नाही. ती नानांची सही होती.

मला ती ट्यूब गावठी वाटायची. खरं सांगू? लाज वाटायची तिची. मी इन्सुलेशनवर परीक्षेत पानं भरून लिहिलेला माणूस — आणि पंक्चरवाल्याकडून रबर मागून आणायचं?

चिरगाँवचे हरिचरण भैया मटार वाहायची पिकअप घेऊन आले, केबल आणि जाळी बदलायला. मला बघून हसले. “क्यों बीएस्सी साहब, बैटरी में पानी डालना सिखाया कॉलेज ने, कि वो भी नाना सिखाएँगे?” गल्लीतले सगळे हसले. मीही हसलो, दात दाखवून.

पहिल्या दिवशी नानांनी टर्मिनल बसवले, केबल ओढली, जाळीची पट्टी जिथे येणार तिथे ट्यूब चढवली, हिरवी टेप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोळे दाखवायला गेले — मोतीबिंदू वाढू लागला होता. वेल्डर जाळी टाकून गेला. मी बसवायला घेतली, तर पट्टी बसेना. ट्यूबमुळे केबल फुगलेली, बोल्ट दोन आटे बाहेर राहायचा. हरिचरण भैया घाई करत होते, मंडी गाठायची होती.

नाना तासाभरात येणार होते. थांबता आलं असतं. एक तास.

मी ब्लेडनं ट्यूब चिरली. काढून भंगाराच्या डब्यात टाकली. केबल कंपनीची, नवी, जाड कवचाची — काय होणार तिला? बोल्ट सफाईनं बसला. मग नानांच्या पेटीतून हिरवी टेप काढली आणि त्यांच्यासारखाच वेढा दिला. हरिचरण भैयांनी बॉनेट उचलून बघितलं. हिरवं दिसलं. गेले.

पाचव्या दिवशी चिरगाँवच्या अलीकडे गाडी पेटली. रस्त्याच्या हादऱ्यांनी पट्टीच्या धारेनं केबल खाल्ली होती. धूर बघून त्यांनी हातांनी बॉनेट उघडलं. जीव वाचला. गाडी राहिली नाही. उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती कायमची.

जळकी गाडी ओढून आमच्या दारात आणली. हात पट्ट्यांत गुंडाळलेले हरिचरण भैया नुसते बघत होते. एकदाच बोलले, “नाना, आपका हरा टेप देख के हम आँख मूँद लेते थे।”

नाना उकिडवे बसले. केबलवरून बोटं फिरवली — तांब्याच्या तारा पट्टीला वितळून चिकटल्या होत्या. टोकाशी वीतभर हिरवी टेप शाबूत होती. कितीतरी वेळ ते तिथेच चाचपत राहिले. मग मान वर करून मला विचारलं —

“ट्यूब घातली होती ना रे मी इथे?”

भंगाराचा डबा त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर. तुकडा अजून त्यातच होता.

मी म्हणालो, “मी नाही पाहिली, नाना.”

हेच. हेच सांगायचं होतं. ट्यूब काढली ती घमेंड होती, मूर्खपणा होता — तो एखाद्याच्या हातून होतो. पण हे वाक्य मी विचार करून बोललो. मला वेळ होता. त्यांचे डोळे गढूळ झालेत, ते माझ्यावर विश्वास ठेवतील, हे मला ठाऊक होतं. आणि त्यांनी ठेवला. माझ्यावर ठेवला, स्वतःच्या हातांवर नाही.

ते उठले, हरिचरण भैयांपुढे हात जोडले. “मुझसे रह गया, भैया. उमर हो गई.” गल्लीत इतकी माणसं होती. मी पाना पुसत उभा होतो.

दुपारी तो तुकडा मी नाल्यात टाकला.

नानांनी पुन्हा हत्यार धरलं नाही. दुकान मला दिलं. चावी हातात ठेवताना म्हणाले, “तू शिकलेला आहेस, तुझ्या हातून असं व्हायचं नाही.” त्यानंतर सहा वर्षं ते दतिया गेटच्या घरी खाटेवर बसून होते. मोतीबिंदू काढला, स्वच्छ दिसायला लागलं, तरी परतले नाहीत. काकू सांगायच्या, कडी लावली की नाही ते रोज चार-चारदा उठून बघतात. स्वतःच्या सदऱ्याची बटणंसुद्धा चाचपून बघतात. दिवाळीला फराळाला गेलो की मध्येच चिवड्याची बशी खाली ठेवायचे. “मला ना, ट्यूब घातल्याचं आठवतं रे. अगदी हाताला आठवतं.” मी काय म्हणायचो? “जाऊ द्या, नाना.” सहा दिवाळ्या — जाऊ द्या, नाना.

त्यांना खांदा मी दिला. लोक म्हणाले, पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं केलं.

हरिचरण भैया अजून माझ्याकडेच येतात. चहाचा ग्लास डाव्या हातानं धरतात. गेल्या महिन्यात नवी बॅटरी बसवून घेतली, बॉनेटमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाले, “नाना भले आदमी थे, पर काम पढ़े-लिखे का ही पक्का।” मी मान हलवली. आजपर्यंत मी असाच मान हलवत आलोय.

दुकान आता गल्लीत नाही, मोठ्या रस्त्यावर आहे. पाटीवर माझं नाव आहे आणि नावापुढे बी.एस्सी. प्रत्येक केबलवर मी स्वतःच्या हातानं सायकलची ट्यूब चढवतो आणि काळी टेप लावतो. माझ्या दुकानातून गेलेली एकही गाडी त्यानंतर जळलेली नाही.