आधी तोंड, मग फाईल

आमच्या मांस निर्यातीच्या कारखान्यात डॉक्टरसाहेब रोज सकाळी म्हशींच्या तोंडात हात घालायचे. ते सरकारने नेमलेले पशुवैद्य. त्यांच्या सही-शिक्क्याशिवाय एकही कंटेनर बंदराकडे हलत नसे. आधीचे साहेब खुर्चीत बसून सह्या करत; हे बाह्या दुमडून थेट दावणीला. कागदपत्रं माझ्याकडे. मी सगळं क्रमाने टाचून पुढे धरलं की ते मान हलवत.

"आधी तोंड, ताई. मग फाईल."

साहेब पक्के शाकाहारी. कुटुंब पुण्याला, हे बजाजनगरात एका खोलीत. घरी काय सांगता, असं मी एकदा विचारलं. "जनावरांचा दवाखाना म्हणतो. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही," म्हणाले. नातेवाइकांना कुणकुण लागली तेव्हापासून सणावाराची बोलावणी कमी झाली होती. हे त्यांनी सांगितलं ते हात धुता धुता.

दुपारी आम्ही पाच जण एकत्र जेवायचो. कोणत्या वारी कुणी काय आणायचं, याची यादी मी भिंतीवर लावलेली. गुरुवार साहेबांचा. एकट्याला भाजी जमत नाही म्हणून ते कारळाची चटणी आणत, स्वतः कुटलेली. जनावरं पुरवणारे खालिदभाई त्या दिवशी हमखास डोकावायचे.

"डाक्टर साब, भैसों के मुंह बाद में देखो, पैले हमारे मुंह का कुछ करो."

"जीभ दाखवा आधी," साहेब चटणी पुढे सरकवत म्हणायचे.

एका सकाळी खालिदभाईंनीच वैजापूरकडून आणलेल्या म्हशींपैकी एकीच्या तोंडाला लाळेची तार लागली होती. साहेबांनी जबडा उघडला. जिभेवर फोड. लाळ्या-खुरकूत, झपाट्याने पसरणारा रोग. त्यांनी सगळा लॉट थांबवला.

"एकच तर हाय साहेब," खालिदभाई म्हणाले, "बाजूला काढा. बाकीच्या चांगल्या हायेत."

"आज चांगल्या दिसतात. माल घेणारा तिकडचा माणूस इथं येऊन बघत नाही, खालिदभाई. तो माझी सही बघतो. त्याच्याकडेही गोठे आहेत."

मॅनेजरांनीही समजावून पाहिलं. साहेबांनी अहवाल लिहून वर पाठवला. आठवड्याच्या आत माल घेणाऱ्या देशाने आमच्या कारखान्याचं मांस बंद केलं. बंदराच्या वाटेवरचे कंटेनर परत आले आणि माल शीतगृहात पडून राहिला. काम थांबलं. शेंद्र्याहून येणाऱ्या कामगारांना घरी बसवलं.

साहेबांना कुणी काही बोललं नाही. फक्त ते आले की टेबलावरचं बोलणं थांबायचं. खालिदभाईंनी सलाम करणं सोडलं. वाद नकोत, जेवण शांतपणे व्हावं, म्हणून मी नवी यादी केली. चार नावांची. साहेब दावणीकडे गेलेले पाहून ती भिंतीवर लावली.

त्यांनी येऊन यादी वाचली, आपला डबा उचलला आणि दावणीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मग रोजच. दावण रिकामी, बघायला एक तोंड नाही, तरी ते सकाळी वेळेवर यायचे, बाह्या दुमडायचे, फेरी मारायचे. माझ्या खिडकीतून ते जेवताना दिसत. खाली जाऊन दोन शब्द बोलावेत, असं रोज वाटे. पण मी दिवसाची कामं लिहून काढते, आणि हे काम मी एकदाही लिहिलं नाही.

त्यांची बदली झाली. शेवटचा दिवस गुरुवार होता. जेवणाच्या वेळी ते आत आले आणि चटणीची डबी टेबलावर ठेवली.

"यादीत नाव नाही, ताई. पण वार माझाच आहे ना?"

मी मान हलवली. बसा म्हणायचं राहिलं. ते निघून गेले.

काही महिन्यांनी त्या देशाने पुन्हा विचारणा केली. सगळ्यात आधी मागितला तो साहेबांनी त्या दिवशी लिहिलेला अहवाल. मीच तो फाईलमधून काढून दिला. इथे रोग लपवला जात नाही, हे त्यातून दिसलं आणि त्यांनी माल घ्यायला सुरुवात केली. शेंद्र्याची माणसं कामावर परतली. नवे डॉक्टर फाईल मागतात तेव्हा मी ती देत नाही. "आधी तोंड, साहेब," म्हणते. ते हसतात, पण दावणीकडे जातात.

यादीही पुन्हा लिहिली. गुरुवारपुढची जागा मोकळी ठेवली आहे. त्या दिवशी खालिदभाई अजून दाराशी येतात, टेबलावर एक नजर टाकतात आणि परत फिरतात.