सुतळीमामाचं माप

घरातलं सामान हलवायचं असलं की आमची गल्ली सुतळीमामाला बोलवायची. धंद्यानं तो हमाल. खिशात सुतळीचं भेंडोळं असे. आधी कपाट मोजायचं, मग दार, मग जिन्याचं वळण. प्रत्येक मापाला एक गाठ. मीटरची पट्टी त्यानं कधी हातात धरली नाही. पट्टी आकडा सांगते, वस्तू वळेल की नाही ते सांगत नाही, असं त्याचं म्हणणं.

गल्ली पाडून उंच इमारती बांधायचं ठरलं तेव्हा आम्ही सह्या करायला कां-कूं करत होतो. नकाशे कळत नव्हते, साहेबांचं बोलणं पटत नव्हतं. शेवटी नमुन्याची इमारत बघायला मामाला पाठवलं. घराघरातली कपाटं, पलंग, शिलाई मशिनी मोजून तो गेला. दार, लिफ्ट, जिना, सगळ्याला सुतळी लावून परत आला आणि म्हणाला, "सगळं मावतंय."

आम्ही सह्या केल्या. मामी तेवढी म्हणाली, "याच्या सुतळीवर अख्खी गल्ली टांगलीत, बाबांनो."

नव्या घरांत नळाला पाणी होतं, भिंतींना ओल नव्हती. आम्ही सुखात होतो, खोटं कशाला बोला. मामा-मामीला नववा मजला मिळाला.

दुसऱ्या वर्षी मामी न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. दवाखान्याच्या गाडीवाल्यांनी स्ट्रेचर उभं धरून लिफ्टनं वर आणलं. मामीला त्यावर निजवलं, आणि ते लिफ्टमध्ये जाईना. तिरकं केलं, मागं घेतलं, पुन्हा घातलं. वीतभर बाहेरच. त्या ओढाताणीत लिफ्टचं दार अडकलं आणि लिफ्टच बंद पडली. जिन्यात नेलं तर पहिल्याच वळणावर अडलं.

मामा भिंतीला टेकून बघत होता. कपाट उभं जातं. पलंग सुटा करून जातो. आडवं माणूस मोजायचं त्याला सुचलंच नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

मग त्यानं कुणाला काही विचारलं नाही. मामीला खुर्चीत बसवलं, पट्ट्यानं आवळलं, आणि उभा जन्म ओझी वाहिली तशी ती खुर्ची पाठीवर घेऊन जिना धरला. मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. मामी ओठ चावून होती. एकदाच बोलली, "कपाट नाही मी. हळू."

आठवडा उलटायच्या आत ती गेली. पडण्यानं की उतरण्यानं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मामानं विचारलं नाही.

पुढं महिन्याभरानं नव्या घरांमुळं लोकांचं जगणं किती सुधारलं याची पाहणी करायला एक बाई आली. खालच्या मजल्यावर आम्ही तिच्याभोवती जमलो. पाणी? चांगलं. उजेड? भरपूर. लिफ्ट? उत्तम. नवव्या मजल्यावर कोण राहतं, असं विचारून तिनं लिफ्टचं बटण दाबलं.

दार उघडलं. आत जमिनीवर मामा उताणा पडला होता. डोकं एका भिंतीला, गुडघे दुमडून तळवे समोरच्या भिंतीला. हातात सुतळी. बाई दचकून मागं सरली. बरं वाटत नाही का आजोबा, असं तिनं विचारलं.

मामा छताकडे बघत म्हणाला, "पाय दुमडून मेलो तर मावतो."

बाईनं वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही आधीच उत्तम सांगून बसलो होतो.