हळूबाईचं हाड

माझ्या धाकट्या जावेला गल्लीत सगळे हळूबाई म्हणतात. चालते हळू म्हणून नव्हे, बोलते हळू म्हणून. इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात आया म्हणून तिची उभी हयात गेली. तिथे एकाला दटावायला जावं तर दुसरी चार उठून बसतात, म्हणून तिने आवाज खाली ठेवला तो कायमचाच. भाजीवाल्याला वाटायचं, बाई आपली स्वतःशीच पुटपुटते आहे. माझे दीर म्हणायचे, "हिच्याशी भांडायचं तर आधी कान साफ करून यावं लागतं." दीर गेल्यावर खालच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा कुत्रा राहिले. मी वरच्या मजल्यावर. कुत्र्याचं नाव साहेब, कारण तो दिवसभर खुर्चीखाली लोळतो आणि काही सांगायला गेलं की जांभई देतो.

खालचं मागलं दार अंगणात उघडतं. अंगणापुढे पडकी भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि माणूसभर उंच गवत. तिथून एका संध्याकाळी कोल्हा आला.

मी पायरीवर बसले होते. आधी वाटलं, कुणाचं तरी कुत्रं आहे. मग झुबकेदार शेपूट दिसलं आणि मी उठून आत आले. हळूबाई जागची हलली नाही. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या आणि पुढचा एक पाय त्याने उचलून धरला होता. तिने साहेबाच्या ताटलीतलं हाड उचलून अंगणात टाकलं. म्हणाली, "घे. हाड घे."

"अगं, काय करतेस?"

"मुका जीव आहे, ताई."

"मुका असेल, पण बोळका नाही. दात बघ त्याचे."

ती हसली. दुसऱ्या दिवशी मटणवाल्याकडून हाडं घेऊन आली आणि मग तो रोजचाच पाहुणा झाला. दिवेलागणीला ही दारात उभी राहून त्या बारीक आवाजात म्हणायची, "हाड... हाड..." की तो भिंतीवरून उतरलाच. पाय बरा झाला, अंग भरलं. "बघा, मला ओळखतो," ती सांगायची. माझं लक्ष मात्र त्याच्या पावलांवर असायचं. रोज तो एकेक पाऊल पुढे येत होता. भिंतीपासून नळापर्यंत, नळापासून पायरीपर्यंत.

त्यात हळूबाईची मुलगी, माझी पुतणी, नोकरीवर परत रुजू झाली आणि दिवसभर तिची तान्ही मुलगी आजीकडे राहू लागली. हळूबाईला स्वर्ग दोन बोटं उरला. बाळीला मागच्या खोलीत चटईवर निजवायची आणि वाऱ्याला दार उघडं ठेवायची.

एक दिवस बाळीचं लाळेरं हरवलं. ते मला भिंतीपाशी मिळालं, चावून चोथा केलेलं. दुधाचा वास होता त्याला. हळूबाई म्हणाली, वाऱ्याने उडालं असेल. वाऱ्याला दात कधीपासून आले, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवसापासून साहेब खुर्चीखालून निघेना. संध्याकाळ झाली की तिथल्या तिथे थरथरायचा.

त्याला पिसाळण्यावरची लस द्यायची वेळ झालीच होती. दोघी त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि तिथे मीच कोल्ह्याचा विषय काढला.

"खायला घालता?" बाईंनी विचारलं.

हळूबाईने मान हलवली.

"मग तो भुकेने येत नाही, तुम्ही बोलावता म्हणून येतो. माणसाला भ्यायचं असतं, हे विसरलाय तो. तो पिसाळलेला असेल तर तुम्हाला बघून कळणार नाही. नसला तरी दात ते दातच. घरात तान्हं मूल आहे ना?"

आमचा शेजारी वायरमन विषाची गोळी टाकतो म्हणाला होता, तेही मी सांगितलं.

"विष अजिबात नको. आधी हा साहेब मरेल, मग गल्लीतली मांजरं. हाडं बंद करा. कचऱ्याचं झाकण घट्ट लावा, कुत्र्याची ताटली बाहेर ठेवू नका. दार बंद. आणि दिसला की जोरात ओरडून हाकला. रोज. त्याला तुमची भीती बसली पाहिजे, म्हणजे तोही जगेल आणि तुम्हीही."

"मला ओरडता येत नाही हो," हळूबाई म्हणाली.

"काय म्हणालात?" बाईंनी कान पुढे केला.

हाडं बंद झाली. तरी तो यायचा. दाराला नखं घासायचा आणि आम्ही दोघी आत बाळीला मध्ये घेऊन तो आवाज ऐकत बसायचो. पुतणीने बजावलं होतं, "आई, पुन्हा तो दारात दिसला तर मी हिला तुझ्याकडे ठेवणार नाही." हळूबाई खिडकीतून हाड-हाड करत त्याला हाकलायची, पण ते हाकलणं अंगाईसारखं. तो आपला कान हलवत बसून राहायचा.

मग ती दुपार. मी खाली आले तर हळूबाई स्वयंपाकघरात बाटली उकळत होती. वाळलेली दुपटी घेऊन ती मघाशी अंगणातून आली होती, तेव्हा दाराची कडी बसलीच नव्हती. मागच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं आणि चटईच्या कडेला तो उभा होता. मान खाली. बाळीच्या हनुवटीवर दूध वाळलं होतं, ते तो हुंगत होता. त्याच्या श्वासाने तिचं जावळ हललं.

माझ्या तोंडातून आपसूक आलं ते आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं तेच. "हाड. हाड."

त्याने कान टवकारले. पळाला नाही. जीभ ओठांवरून फिरवली आणि बाळीच्या अंगावरून एक पाऊल माझ्याकडे टाकलं. तेव्हा मला उमगलं. आपल्याला तो शब्द हाकलायचा. त्याला तो जेवायला बोलावण्याचा. इतके दिवस हळूबाई त्याला हाकलत नव्हतीच, पानावर बोलावत होती.

स्वयंपाकघराच्या दारात ती आली. तिने पाहिलं. मग तिच्या गळ्यातून जे निघालं त्याला शब्द म्हणत नाहीत. एवढ्या वर्षांचं दाबलेलं एकदम फुटलं. हातातलं पातेलं तिने भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि तशीच ओरडत त्याच्या अंगावर धावून गेली. तो घसरला, दाराच्या चौकटीला धडकला आणि भिंतीपलीकडे गेला.

बाळी किंचाळून रडायला लागली. तिला आम्ही खिडकीच्या उजेडात धरलं आणि डोक्यापासून तळपायापर्यंत अंगाचा कण न् कण तपासला. ओरखडा नव्हता. तरी तसंच उठून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही पाहून काही नाही म्हटलं, तेव्हा हळूबाई बाकावर मटकन बसली. पुतणीला तिने स्वतःच सगळं सांगितलं. पुतणीने ऐकून घेतलं आणि बाळीला उचलून ती घरी गेली.

पुढे रोज संध्याकाळी तो भिंतीवर येऊन वाट बघायचा आणि रोज ही पातेलं आणि पळी घेऊन अंगणात जायची. ओरडायची, बडवायची. आत आली की, "त्याला वाटत असेल, ही अशी का वागते," ती म्हणायची. डोळे पुसायची, पण पातेलं खाली ठेवायची नाही.

परवा पुतणी बाळीला घेऊन पहिल्यांदा परत आली. संध्याकाळ होती. गवत हललं आणि भिंतीवर दोन कान वर आले. हळूबाईच्या हातात काही नव्हतं. तिने नुसता हात वर केला. कान नाहीसे झाले आणि गवतातून पळतानाची सळसळ लांब लांब जात राहिली.

"मला भ्याला," ती म्हणाली. जुन्या, बारीक आवाजात.

"भिऊ दे."

तिने दार लावून कडी घातली, ओढून पाहिली. मग पुतणीने ओढून पाहिली. मग मीही उठले आणि ओढून पाहिली.