मुडपलेलं मडगार्ड

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मला भूगर्भशास्त्राची पदवी मिळाली आणि लगेच पाणी शोधण्याच्या सरकारी कामावर नोकरीही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी आतून पाहिलं नव्हतं. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि मी त्याच दुष्काळात जीपमधून हिंडून बोअरच्या जागा दाखवत होतो. तिच्या कष्टांवर मी शिकलो, हे कामावर निघताना रोज आठवायचं.

देवणीच्या पुढे माळावर एक गाव होतं. तिथली एकुलती विहीर आटली होती. बोअरची मशीन दुसऱ्या दिवशी त्या भागात येऊन लगेच पुढे जाणार होती. आज जागा ठरली नाही, तर ते गाव उन्हाळाभर तसंच राहणार होतं. पाणी शोधायचं आमचं यंत्र, बॅटऱ्या, तारांची रिळं हे ओझं बैलगाडीने नेलं असतं, पण बैल सगळे चाऱ्याच्या छावणीत.

तिकडच्या गाडीवाटेच्या चाकोऱ्या इतक्या खोल, की जीपचं पोट मधल्या उंचवट्याला टेकायचं. म्हणून आम्ही जीपच्या स्प्रिंगच्या कमानींत जादा पाटे घालून ती उंच केली, मोठे टायर बसवले. पोट टेकायचं थांबलं, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासू लागला. असं घासत माळ चढलो असतो तर टायर फाटलाच असता.

सकाळीच औसा रोडवरच्या मिस्त्रीकडे गेलो.

"पत्रा कापून टाकतो. झालं काम," मिस्त्री म्हणाला.

आमचे ड्रायव्हर वयाने मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो. ते ओरडले, "कापू नको बाबा! गाडी अजून जुन्या जिल्ह्याच्या नावावर हाय. मंजुरी तिकडून आणावी लागंल."

"मग जिल्हा फोडला तवाच मडगार्ड तिकडं ठिवून यायचं की!"

मिस्त्रीने दुसरी तोड काढली. स्टिअरिंगला अडवणारा बोल्ट थोडा बाहेर काढला, की चाक तेवढं वळणारच नाही आणि घासणारही नाही.

"अन् माळावरचं ते आखूड वळण?" मामा म्हणाले. "तू येऊन गाडी उचलून फिरवून देतूस का?"

मी पानवाल्याकडून ओला चुना आणला आणि टायरच्या कडेला फासला.

"लगीन हाय का टायरचं?" मिस्त्री हसला. "हळद न्हाई मिळाली वाटतं साहेबांना."

खड्ड्यात दबतं तसं दबावं म्हणून पुढचं एक चाक दगडावर चढवून मामांनी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं. मडगार्डच्या आतल्या बाजूला, फक्त खालच्या कडेला, चुन्याचा पांढरा पट्टा उठला. बाकी पत्रा कोरा होता. म्हणजे कापायचं काही कारणच नव्हतं. मी म्हणालो, "एवढीच कड आत मुडपा आणि सपाट ठोका."

मिस्त्रीने पट्टा पाहिला, हातोडा घेतला. चाक वर उसळून पत्र्याला लागू नये म्हणून एक्सलच्या वर जाड रबराचा ठोकळाही बसवला. पुन्हा चुना लावला, पुन्हा चाक फिरवलं. पत्र्यावर डाग नाही.

"चला, साहेब," मामा म्हणाले.

माळावरच्या वळणावर मामांनी स्टिअरिंग एका दमात पूर्ण वळवलं. मी खिडकीतून वाकून कान देऊन होतो. खाली दगड करकरत होते, टायरचा आवाज नव्हता. संध्याकाळपर्यंत तारा पसरून, आकडे तपासून मी ओढ्याच्या काठी जागा दाखवली. मला तिची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मशीन तिथेच उभी राहिली. दुपारभर पांढरी भुकटी उडत राहिली, साऱ्या गावाचे केस पिकल्यासारखे दिसू लागले. मग भुकटी ओली झाली, तिचा चिखल झाला आणि तो आमच्या अंगावर उडू लागला. कुणीच मागे सरलं नाही. एका म्हातारीने गालावरचा चिखल बोटाने पुसला, जिभेला लावून पाहिला आणि ती म्हणाली, "गोड हाय."

मागोमाग पाणीच वर आलं.